खालचं घड्याळ

रोज सकाळी मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं की खालून हाक यायची.

"बाई, वर किती वाजलं?"

बारामतीत भाड्याची खोली घेताना मी घरमालकांची रीतसर चौकशी केली होती. पाणी रोज येतं का, पाहुणे आलेले चालतात का, गच्चीवर कपडे वाळत घालू देतात का. मालक रोज सकाळी वेळ विचारतात का, हे मात्र विचारायचं राहून गेलं. पहिल्यांदा हाक आली तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांचं घड्याळ बंद पडलं असेल. मी खिडकीतून वाकून सांगितलं, "सात वाजून दहा मिनिटं, तात्या."

खाली अंगणात तात्या उभे होते. त्यांनी आधी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग लेंगा जरा वर उचलला आणि उजव्या पायाच्या घोट्याकडे पाहिलं. घोट्यावरही एक घड्याळ बांधलेलं होतं.

"खालीबी तेवढंच," ते नाराजीनं म्हणाले आणि आत गेले. मी खिडकीतच उभी राहिले. मागे चहा उतू गेला.

तात्यांना सगळी आळी तात्याच म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली होती. समोर आलेल्या वस्तूचं वजन नुसत्या नजरेनं सांगायची सवय त्यांना तिथेच लागलेली. बाजारात कलिंगड उचलायच्या आधी ते वजन सांगत, आणि कलिंगडवाला आपला तराजू तपासायला लागे. मी सामान घेऊन आले त्या दिवशी त्यांनी माझ्या एकेका बॅगेचं वजन सांगितलं आणि त्याच सुरात माझंही, त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या समोर. ते बरोबर होतं, म्हणून जास्त राग आला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

"जगात वजनाला भीत न्हाय आसं कायबी न्हाय बाई," असं ते नेहमी म्हणायचे. मी हसून सोडून द्यायची. त्या वाक्यामागे केवढं प्रकरण आहे ते मला ठाऊक नव्हतं.

मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते हे त्यांना कळलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. त्याच संध्याकाळी ते जिना चढून आले, वरच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "बाई, उंचावरचं घड्याळ फुडं पळतं आन् खालचं मागं ऱ्हातं, हे खरं हाय का? मोबाइलवर बघितलं म्या."

मला आनंदाचं भरतं आलं. इतक्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं हे विचारलं नव्हतं. परीक्षेला नसलेलं कोण विचारतं? मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगत सुटले. खरं आहे तात्या, पृथ्वीच्या जितकं जवळ तितकं गुरुत्वाकर्षण जास्त, आणि तिथे काळ हळू जातो. आकाशात फिरणाऱ्या उपग्रहांवरच्या घड्याळांना म्हणूनच दुरुस्ती करावी लागते.

"काळ हळू जातो?"

"हो. काळच."

उसात दगड घालून काट्यावर आलेल्या गाडीवानाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"काळ कुनासाठी हळू जात न्हाय, बाई. घड्याळ हळू जातं. बैलगाडीत वजन झालं की बैल हळू चालतो. मग काय रस्ता लांबला म्हणायचं का?"

मी म्हटलं, नुसतं घड्याळ नाही तात्या, खाली सगळंच हळू होतं. हृदयाचे ठोके, नखं वाढणं, दुधाचं दही होणं, सगळं सारख्याच प्रमाणात. म्हणून तर काळच हळू झाला असं म्हणायचं.

"सगळ्यांच्याच मानंवर वजन हाय म्हणल्यावर सगळीच दमणार की," ते म्हणाले. "त्यात काळाचा काय संबंध? काळ कुठं हाय ते दाखवा. तुमी घड्याळच दाखवणार मला."

ते गेल्यावर मी एम.एस्सी.चं पुस्तक माळ्यावरून काढलं. पुस्तकात उत्तर होतं, पण ते गणितात होतं आणि तात्यांना ते मराठीत हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही मराठीत जमेना. दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुत्वाकर्षण शिकवताना मध्येच माझ्या डोळ्यांसमोर जड गाडी ओढणारा बैल आला आणि मी फळ्यावर अर्धंच समीकरण लिहून थांबले. मुलांना वाटलं, मॅडमना बरं नाही.

मग एक दिवस काकूंनी मला खाली शेवग्याच्या शेंगा सोलायला बसवलं आणि सगळं सांगितलं.

तात्यांची जमीन इंदापूर तालुक्यात, बावड्याकडे नदीच्या अंगाला. घर वर माळावर, विहीर खाली काठाजवळ. तात्या आणि धाकटे बापू यांची वाटणी झाली तेव्हा जमिनीचे दोन भाग झाले, पण विहिरीचे कसे करणार? वडिलांनी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ लावलं आणि दोघांना समोर उभं करून सांगितलं, आधी बापूची पाळी, मग थोरल्याची. ह्या घड्याळात वाजेल तेच दोघांनी खरं मानायचं. हातातलं चालणार नाही, सूर्यावरचंही चालणार नाही. घड्याळात वेळ झाली की पाइपचा वॉल फिरवायचा आणि पाणी दुसऱ्याच्या रानात सोडायचं.

वडील गेल्यावरही बरीच वर्षं तसंच चाललं. मग एका उन्हाळ्यात तात्यांनी नवा मोबाइल घेतला. मोबाइलमध्ये पाळी बदलायची वेळ होऊन पाव तास गेला तरी मोटारीच्या खोलीतलं घड्याळ अजून बापूंचीच पाळी दाखवत होतं. लाईट मात्र आपल्या वेळेवर जायची. म्हणजे कापला जायचा तो तात्यांचाच पाव तास. त्यांनी घड्याळ नीट लावलं. चार दिवसांनी ते पुन्हा मागे. त्या उन्हाळ्यात तात्यांच्या उसाच्या शेवटच्या सऱ्या उभ्या वाळल्या.

"मग ह्यांचं डोकं फिरलं," काकू म्हणाल्या. "समद्या भावकीत बोललं, तू काटा मागं सारतोस, तू पाण्याचा चोर हायस. बापूनं सासूबाईंच्या डोक्यावर हात ठिवला आन् सांगितलं, म्या न्हाय. ह्यांनी त्येबी खोटं म्हणलं. आमी हितं आलो ते परत गेलो न्हाय. सासूबाई गेल्या तवा दोघं दोन बाजूला हुबं ऱ्हायलं, बोललं न्हायती."

काकूंनी शेंगांचं ताट बाजूला सारलं. "आन् आता मोबाइलवर ते काय बघितलं तवापास्नं झोप न्हाय मानसाला. खालचं घड्याळ मुळात हळूच चालत आसंल तर बापू चोर न्हाय. मग म्या भावाला काय बोलून बसलो, आसं हाय त्यांचं."

मला एकदम सगळं लख्ख झालं. पण मला आकडा माहीत होता. विहीर आणि माळ यांच्या उंचीत असा कितीसा फरक असणार? तेवढ्यानं पडणारा फरक आयुष्यभर साठवला तरी पापणी लवण्याइतका भरणार नाही. आणि तात्यांना पाव तास हवा होता.

मी ते त्यांना सांगितलं. मला गप्प बसता येत नाही, हा माझा स्वभाव. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग तुमचं कारण चुकीचं हाय," ते म्हणाले.

"तात्या, आपल्याला सोयीचं कारण असं निवडता येत नाही."

"सोयीचं न्हाय. फरक म्या डोळ्यानं बघितलाय. पाव तास. काळ हळू झाला म्हणलं की पाव तास येत न्हाय म्हणता. मग काळ हळू हुत न्हाय, घड्याळ दमतं म्हणायचं. बघितलेल्या गोष्टीला पुरंल आसं कारण पायजे का न्हाय?"

हेच वाक्य मी दर जूनमध्ये पहिल्या तासाला मुलांना सांगते, जरा शुद्ध भाषेत. तरी मी म्हटलं, सेल संपत आला असेल. ते म्हणाले, सेल मीच नवा घातलेला. मी म्हटलं, ओल गेली असेल आत. ते म्हणाले, इंदापुरात घड्याळवाल्याकडे नेऊन उघडून बघितलं, आत कोरडं होतं, काही बिघाड नव्हता.

"मग?" मी म्हटलं.

"मग दोनच ऱ्हायले बाई. येक तर वजन, न्हायतर बापू."

हे बोलताना ते घोट्यावरच्या घड्याळाकडे पाहत होते. त्यानंतर त्या घड्याळाला हसणं मला जमलं नाही.

एकदा मात्र मी त्यांना चांगलं कोंडीत पकडलं. म्हटलं, लंबकाच्या घड्याळाचं काय? गुरुत्वाकर्षण वाढलं की लंबक उलट भराभर हलतो. वजनानं घड्याळ दमत असेल तर ते का पळतं? तात्यांचा चेहरा उतरला. दोन दिवस सकाळची हाकही आली नाही आणि मला घर खायला उठलं. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले होते, गाडी सुरूही केली होती, तेवढ्यात ते फाटकाशी येऊन उभे राहिले.

"लंबकाला इचारू नका बाई. त्याची भाकरीच वजनाची हाय. आमच्या काट्यावर बी आशी मानसं व्हती. समदे दमायचे, ती ताजी व्हायची."

मी गाडी बंद केली. ही कोटी आहे, उत्तर आहे की दोन्ही आहे, ते ठरवत मी तिथेच थांबले आणि पहिला तास बुडाला.

मग प्रयोग झाले. आठवडी बाजारातून त्यांनी सारखी दोन घड्याळं आणली. एक अंगणातल्या पाण्याच्या हौदात, पाण्याच्या वर खिळा मारून टांगलं. दुसरं गच्चीवरच्या टाकीला बांधलं. वरचं वाचायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी चवड्यांवर उभी राहून वरून ओरडायची, तात्या हौदात डोकं घालून खालून ओरडायचे आणि समोरच्या घरातल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. त्यांना वाटायचं, आमचं काही तरी बिनसलंय. महिन्याभरानं निकाल लागला. मागे पडलं होतं ते वरचं.

"त्याला ऊन लागलं," तात्या म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं काकूंनी सांगितलं. मला वाईट वाटलं आणि चीडही आली. आता काही तरी करून खालचं घड्याळ मागे पडावं, असं मला, फिजिक्सच्या मास्तरणीला, मनापासून वाटायला लागलं होतं. हे मी कॉलेजात कुणाला सांगणार होते?

आणि अशात बावड्याहून बापूंचा निरोप आला. इतक्या वर्षांतला पहिलाच. सोलरचा पंप बसतोय, मोटारीची जुनी खोली पाडतोय, भिंतीवरच्या घड्याळाचं काय करू?

तात्या दिवसभर झोपाळ्यावर बसून होते. संध्याकाळी वर आले. "बाई, रविवारी सुट्टी हाय न्हवं? बावड्याला जायचंय."

"मी कशाला तात्या?"

"मंग सायन्स कोन सांगनार? माझ्या सांगन्यावर इस्वास ठिवायला आता तोंड हाय का मला?"

निघताना काकूंनी धपाट्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि बाजूला घेऊन म्हणाल्या, "खरं-खोटं तुमचं तुमी बघा बाई. पर मानसं दोन हायती, तेवढं ध्यानात ठिवा."

आम्ही एसटीनं इंदापूरला गेलो आणि तिथून बावड्याची गाडी धरली. तात्या खिडकीशी बसून ओळखीची रानं बघत होते. खरा आकडा सांगितला तर बापू चोर ठरणार होते, आणि आईच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललेले चोर. आकडा खोटा सांगितला तर मी इतकी वर्षं फळ्यावर खडू झिजवला तो कशासाठी? पुस्तकात या परिस्थितीवर काही नव्हतं.

बापू विहिरीवरच भेटले. तात्यांचंच नाक, पण अंगानं वाळलेले. दोघांनी एकमेकांना कसा आहेस विचारलं नाही. तात्या सरळ मोटारीच्या खोलीत गेले. स्टार्टरच्या पेटीजवळ भिंतीवर ते घड्याळ बंद होतं, काचेवर धूळ. इतक्या वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता. तात्यांनी ते खिळ्यावरून काढलं, काच बाहीनं पुसली, बाहेर येऊन लिंबाखाली बसले आणि सांगायला लागले. बैल, वजन, माळ, नदीचा काठ, सगळं. लेंगा वर करून त्यांनी घोट्यावरचं घड्याळ दाखवलं. थोरल्या भावाच्या पायातलं ते घड्याळ बघून बापूंचा चेहरा कसनुसा झाला.

"तर आसं हाय," तात्या म्हणाले. "घड्याळ खाली व्हतं म्हणून मागं पडलं. तू काटा सारला न्हाईस. आईच्या डोक्यावरचा तुझा हात खोटा न्हवता. म्या भावकीत बोललो ते माझं चुकलं, बापू."

आणि त्यांनी धाकट्या भावाला हात जोडले.

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, खरं हाय का हे?"

"खालचं घड्याळ हळू चालतं, हे खरं आहे," मी म्हटलं. किती हळू, ते गिळून टाकलं.

बापू पाटाच्या कडेला खाली बसले. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "तात्या, म्या सारायचो काटा. डाळिंबाची रोपं नवी लावलेली. म्हणलं, धा मिनिटांनी काय हुतंय. मग सवय लागली. आईच्या डोक्यावर हात ठिवला तवा तिनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं व्हतं. ती नजर अजून जात न्हाय माझ्या डोळ्यांम्होरनं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. तात्यांच्या मांडीवर घड्याळ होतं आणि ते त्याच्या काट्यांकडे पाहत होते. आता त्यांच्या बैलाचं काय होणार, एवढंच माझ्या मनात आलं.

"किती सारायचास?" त्यांनी विचारलं.

"धा मिनिटं."

"धाच? जास्त न्हाय?"

"धाच. तिच्याच डोक्याची आण आता खोटी घेनार न्हाय."

"पर फरक पाव तास व्हता," तात्या म्हणाले. "म्या रोज बघत हुतो. म्हंजी धा तुझी आन् पाच वजनाची." त्यांनी जरा दम घेतला. "आन् मागितली आसतीस तर धा म्या दिली आसती की रं. थोरला हाय न्हवं म्या?"

बापूंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तात्या उठले, त्यांच्या शेजारी पाटावर जाऊन बसले आणि तिथूनच मला म्हणाले, "बाई, बरोबर बसतोय का हिशेब? धा त्याची, पाच वजनाची."

दोघंही माझ्याकडे बघत होते.

"बरोबर आहे, तात्या," मी म्हटलं.

मग आम्ही तिथेच धपाटी खाल्ली.

ही गोष्ट मी कॉलेजात एकालाही सांगितलेली नाही. मी खोटं बोलले का, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही. बापूंनी दहाच मिनिटं सारली, सेल नवा होता, आत ओल नव्हती. मग उरलेली पाच मिनिटं कुठे जायची? बापूंचा अंदाज चुकला असेल, तात्यांच्या नजरेला जास्त दिसलं असेल, असं मी स्वतःला समजावते, पण मनापासून पटत नाही. वर्गात मी अजून काळ हळू जातो असंच शिकवते. सांगताना मध्येच बैल येतो आणि माझी गाडी अडते.

तात्या आणि काकू आता बहुतेक बावड्यालाच असतात. खालच्या मजल्याला कुलूप आहे आणि सकाळ फार शांत झाली आहे. पण चहाचं आधण ठेवायच्या सुमाराला फोन वाजतो.

"बाई, वर किती वाजलं?"

परवा मी सांगितलं, सात वाजून दहा.

"हितं सात वाजून पाच," तात्या म्हणाले. आवाजात समाधान मावत नव्हतं. नदीकाठच्या नव्या खोलीत त्यांनी ते जुनं घड्याळ सेल घालून पुन्हा लावलं आहे.

"तात्या, बापू आहेत का जवळ?" मी विचारलं.

"हाय की," ते म्हणाले. "घड्याळ आता रोज त्योच लावतो."